डाव्या बाजूची जागा

भाचीचा व्हिडिओ आला तेव्हा आई खुर्चीत बसून घटाला माळ ओवत होती. एप्रिलमध्ये तिचा उजवा गुडघा बदलल्यापासून जमिनीवर मांडी घालणं बंद झालंय, त्यामुळं यंदाचं नवरात्र सगळं खुर्चीवरूनच झालं. भाची फ्लोरिडात असते. ऑक्टोबरात तिकडं शाळा सुरू झालेल्या, उन्हाळ्यातली गर्दी ओसरलेली, हवा मऊ झालेली. समुद्रकाठच्या एका गावात ती रस्त्यावर चालवायची परवानगी असलेली गोल्फ कार्ट भाड्यानं घेऊन फिरत होती. चारी बाजूंनी उघडी, बुटकी, आवाज नसलेली गाडी. ती सांगत होती, असली गाडी तिथं कुठल्याही रस्त्यावर नेता येत नाही. ज्या रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल किंवा त्याहून कमी आहे तिथंच चालते, आणि गाडी स्वतः फार तर २५ मैल, म्हणजे आपल्या हिशोबानं ४० किलोमीटरनं पळते. मागच्या सीटवर एक म्हातारी बाई पाय पुढं पसरून बसलेली, पलीकडं निळं पाणी.

आईनं व्हिडिओ दोनदा बघितला. म्हणाली, "ही तर रिक्षाच की गं."

आणि थोड्या वेळानं, माळेतलं फूल सुईत घालता घालता, "असं बसून मीबी समुद्र बघतो की."

आईचं वय ७६. माहेर भोगावती नदीच्या काठी, सासर कोल्हापुरात. समुद्र तिनं आयुष्यात दोनदा बघितला, दोन्ही वेळा गाडीभर माणसांबरोबर, आणि दोन्ही वेळा सगळ्यांच्या चपला, पिशव्या सांभाळत ती लांब बसलेली. तिच्या तोंडून 'मला बघायचंय' असं वाक्य मी फार कमी वेळा ऐकलंय. त्यामुळं मी त्याच रात्री कॅलेंडर काढलं.

दसरा ते दिवाळी यांमधला काळ आमच्यासाठी बरोबर होता. पाऊस गेलेला असतो, शाळांना सुट्ट्या लागलेल्या नसतात, मालवणात खोल्या रिकाम्या असतात. दुपारी ऑक्टोबरचं ऊन चटके देतं, पण सकाळ-संध्याकाळ कोकणात त्यासारखं काही नाही. कोजागरी झाली की निघायचं आणि शनिवारी रात्री घरी यायचं, असं ठरलं.

भावाची गाडी होती, पण ती आम्ही मुद्दाम नेली नाही. ऑपरेशननंतर त्या गाडीतून जोतिबाला गेलो होतो. उंच गाडी. चढताना आईला आत अक्षरशः ओढून घ्यावं लागलं, आणि उतरताना तिचा चेहरा पांढरा पडला. दुसरी, खालची गाडी करून बघितली तर तिच्यात गुडघा इतका दुमडायला लागतो की ती दहा मिनिटांत कासावीस होते. शिवाय काचा लावून एसी सुरू केला की तिला मळमळतं. रिक्षाचं तसं नाही. फूटभर उंचीवर पाय ठेवायचा, समोरचा दांडा धरायचा, वळायचं आणि टेकायचं. दवाखान्यात व्यायामाला सहा महिने आम्ही रिक्षानंच गेलोय, ते तिच्या अंगवळणी पडलेलं. तेव्हा मालवणपर्यंत एसटी आणि तिथं तीन दिवस रिक्षा असा बेत केला.

आता तयारीचं सांगते, कारण आमच्यासारखी माणसं घराघरांत आहेत आणि मला हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. डॉक्टरांना आधी विचारलं. ते म्हणाले, जाऊ द्या, फक्त तासाभरापेक्षा जास्त एका जागी बसू देऊ नका आणि मऊ वाळूत चालवू नका. खोलीसाठी फोन केले तेव्हा 'तळमजला आहे का' एवढंच विचारून भागत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. एका ठिकाणी तळमजला म्हणाले आणि प्रत्यक्षात अंगणातून ओटीवर सात पायऱ्या, त्याही उंच, कठडा नाही. भर दुपारी दुसरी जागा शोधावी लागली. आईला त्या उन्हात ताटकळत बसवलं याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हा पायऱ्या किती, पहिली पायरी केवढी उंच, कठडा कुठल्या बाजूला, कमोड आहे का, आणि कमोडशेजारी धरायला काही आहे का, हे एकेक करून विचारा. फोटो मागवा.

घरातून दोन वस्तू घेतल्या. एक छोटा चौरंग आणि एक जुनी वाकळ. चौरंग एसटीच्या दारात पायरी म्हणून, आणि वाकळ घडी करून सीटवर टाकली की बैठक चार बोटं उंच होते, उठताना गुडघ्यावर जोर कमी येतो. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी एक गोष्ट आईकडून घोकून घेतली होती, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. प्रत्येक पायरीला आई ते पुटपुटते.

कोल्हापूरच्या स्टँडवर सकाळी मालवण गाडी लागली. आईचं तिकीट शून्य रुपयांचं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे, आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. कंडक्टरनं चौरंग बघितला आणि न सांगता गाडी थांबवून धरली. राधानगरी आलं तसं आईनं खिडकीबाहेर हात केला. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं हे धरण, त्याच्या पाण्यावर तिच्या माहेरचा ऊस. दाजीपूरच्या पुढं जंगल दाट होत गेलं, आणि फोंडा घाट उतरताना हवा एकदम बदलली, ओलसर आणि जड. "मीठ आलं," आई म्हणाली. तिच्या लहानपणी याच वाटेनं खालून सुकी मासळी, नारळ वर यायचे आणि वरून गूळ, मिरची खाली जायची. बाजाराच्या दिवशी कोकणातल्या बायका सुकटाच्या पाट्या घेऊन बसायच्या. त्या वासानं तिला कोकण ठाऊक होतं.

रिक्षा खोलीच्या मालकिणीनं फोन करून ठरवून दिली. दिवसाचे १८०० रुपये, सकाळ आणि संध्याकाळ मिळून साठेक किलोमीटर, दुपारी बारा ते चार सुट्टी. शेवटच्या दिवशी वेंगुर्ल्याला सोडायचे वेगळे, कारण त्यांना रिकामं परत यावं लागणार. हे सगळं आधी बोलून घेतलं. रिक्षावाले दादा पन्नाशीचे. त्यांनी आधी आईचा गुडघा बघितला, मग चौरंग, मग वाकळ. वाकळ स्वतःच्या हातानं सीटवर पसरली आणि म्हणाले, "आजी, घाय नाय. सावकाश बसा. समुद्र खंय जाता?"

आई डावीकडं बसली. रिक्षात तिथूनच चढतात, उजवी बाजू दांड्यानं बंद असते. या डाव्या बाजूला पुढं केवढा अर्थ आला ते सांगणारच आहे.

पहिल्या संध्याकाळी मालवण जेटी. सिंधुदुर्ग समोर पाण्यात उभा. होड्या जात-येत होत्या, पण होडीत उतरायचं म्हणजे हलत्या फळीवर पाय, ते आम्ही मनातूनच काढून टाकलं होतं. दादांनी रिक्षा अशी उभी केली की आईच्या समोर बरोबर तट येईल. मी तिला सांगितलं, शिवाजी महाराजांनी या किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ला केली, ती इथंच किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्याजवळ. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. ती नावं आईनं परत म्हणून बघितली.

मग सांगितलं की हा किल्ला पुढं कोल्हापूरच्या छत्रपतींकडं होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं, आणि वर्षभरात तो कोल्हापूरला, तेव्हा तिथला कारभार बघणाऱ्या राणी जिजाबाईसाहेबांना, परत करावा लागला. १८१२ च्या तहात मालवणसकट तो कायमचा गेला. आई ताठ बसली. "म्हणजे आपलाच की!" दादा मागं वळून हसले आणि म्हणाले, "तुमचोच. रवा मगे, सूर्य बुडापर्यंत रवा."

आम्ही राहिलो. मोरयाच्या धोंड्यापर्यंतही रिक्षानं गेलो. खडकात कोरलेला गणपती, चंद्र, सूर्य. आई खाली उतरली नाही, रिक्षातूनच हात जोडले. तिथं मला जाणवलं की गाडीच्या काचेतून कुणी नमस्कार केला तर तो नमस्कार आत राहतो. इथं तिच्या कपाळाला वारा लागत होता, केस उडत होते, आणि देवापर्यंत दहा पावलं होती.

गुरुवारी, म्हणजे तृतीयेला, सकाळी मालवणचा बाजार फिरलो आणि संध्याकाळी तारकर्ली-देवबाग. बाजाराचं थोडक्यात सांगते. खाजा घेतला, खटखटे लाडू घेतले, कोकम घेतलं. न्याहारीला घावणे आणि नारळाचा गोड रस. दुपारी सोलकढी आली तेव्हा आईनं पहिला घोट घेऊन वाटी उजेडात धरली. नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा आपल्याकडंही होतो, पण तो मटणाच्या अंगानं जातो. हे नारळाचंच दूध, इथं कोकमाचा रंग घेतलेलं. "त्यांनी एकच वस्तू किती लांब नेली बघ," ती म्हणाली. स्वयंपाकाबद्दल ती बोलते तेव्हा मी गप्प ऐकते.

तारकर्लीपासून देवबागेपर्यंत जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, मध्ये माड, घरं आणि एक रस्ता. शेवटाला नदी समुद्राला मिळते. आम्ही दक्षिणेकडं निघालो आणि माझ्या लक्षात आलं की आई डावीकडं आहे म्हणजे तिला नदी दिसतेय, समुद्र माझ्या बाजूला, तोही बंद दांड्यापलीकडं, घरांच्या फटींतून. मला चुटपुट लागली. जागा बदलूया का म्हणून विचारलं, तर उजवीकडं सरकायचं म्हणजे गुडघा वाकवून सीटवर घसरत जायचं, ते तिला जमत नाही. दादांनी आरशातून बघितलं. "ताई, जाताना नदी, येताना समुद्र. मी येळ बघूनच काढलेली आसा."

तसंच झालं. जाताना तिला कर्लीचं पाणी दिसलं, शांत, हिरवट, काठाला बांधलेल्या होड्या, अंगणात जाळी दुरुस्त करणारी माणसं. रस्त्याच्या इतक्या जवळून की एका आजोबांनी तिला हात केला आणि तिनंही केला. संगमाला पोचलो, पाणी पाण्यात मिसळताना बघितलं, नारळपाणी प्यायलो, आई दांड्याला धरून पाच मिनिटं उभी राहून पाय मोकळे करून आली. परत फिरलो तेव्हा सूर्य खाली आलेला. आता उत्तरेकडं तोंड, म्हणजे तिच्या डाव्या हाताला पश्चिम. माड मागं सरत होते आणि प्रत्येक दोन माडांमध्ये एक तांबडा तुकडा. कुठं किनाऱ्याला रचलेले बंधाऱ्याचे काळे दगड मध्ये यायचे, की परत पाणी. रिक्षा पंचवीसेकच्या वेगानं चाललेली. त्याहून जोरात गेलो असतो तर ते तुकडे एकमेकांत मिसळून गेले असते. आई बोलत नव्हती. दांडा धरलेली तिची मूठ सैल झालेली होती, ते मी बघितलं. गेल्या सहा महिन्यांत कुठल्याही गाडीत ती मूठ सैल झाली नव्हती.

परत आल्यावर दादांनी भरतीचं गणित शिकवलं. विषय असा निघाला की मी विचारलं, आईला पाण्यात पाय बुडवता येतील अशी जागा आहे का, मऊ वाळू नको. ते म्हणाले जागा आहे, पण वेळ गाठायला लागेल. "तिथीची पाऊणपट करूची. आज तृतीया. तीनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनाक भरती झाली. उद्या चतुर्थी, तीनाक भरती. मगे ओहोटी कधी?" आई लगेच म्हणाली, "सहा तास आधी. नवाला." "बरोबर. नवाच्या आसपास पाणी लांब जातला आणि खालची वाळू उघडी पडतली. ती कशी, डांबरासारखी घट्ट."

घड्याळ थोडं मागंपुढं होतं, पण कोकणात हाच हिशोब पिढ्यान्‌पिढ्या चालतो. चंद्र रोज पाऊण तासाच्या वर उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागं सरकत जाते. पुनव-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण, पाणी वरपर्यंत चढतं आणि तितकंच लांब उतरतं. अष्टमीच्या सुमाराला ती ओढ वाटली जाते, पाणी थोडं चढतं, थोडं उतरतं, त्याला भांग म्हणतात. आम्ही कोजागरीनंतर चौथ्या दिवशी होतो, उधाणाचा जोर अजून बाकी होता. म्हणजे घट्ट वाळूचा पट्टा चांगला रुंद मिळणार. आईनं आयुष्यभर तिथ्या उपासासाठी आणि सणांसाठी मोजल्या. त्या तिथीत समुद्र आहे हे कळल्यावर ती रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एकादशीची, पंचमीची भरती काढत राहिली.

शुक्रवारी सातला निघालो. कोळंबच्या पुलावरून पुढं हडी, मग कालावलच्या खाडीला वळसा. वाटेत भातं पिकून पिवळी झालेली, काही ठिकाणी कापणी सुरू. रिक्षात कापलेल्या भाताचा वास येतो. तळाशील नकाशावर सर्जेकोटच्या अगदी समोर दिसतं, मध्ये फक्त खाडीचं तोंड, पण रस्त्यानं लांबून फिरून तोंडवळीवरून खाली यावं लागतं. आणि आलं की परत तीच पट्टी, देवबागेसारखी. एका हाताला खाडी, एका हाताला समुद्र. जाताना आईला खाडी. ती आता हसून म्हणाली, "येताना समुद्र."

तोंडवळीला परत येऊन दादांनी एका पाखाडीच्या, म्हणजे गावातल्या अरुंद वाटेच्या टोकाला, सुरूच्या झाडांच्या सावलीत रिक्षा लावली. मी विचारलं, रिक्षा अजून खाली नेता येईल का? त्यांनी मान हलवली. वाळूत चाक रुतेल, खारं पाणी पत्रा खाईल हे झालंच, पण हिवाळ्यात या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात, गाड्या घालून वाळू दाबायची नसते. मला ते पटलं आणि आवडलंही.

समोर रापण लागलेली होती. एक होडी पाण्यात अर्धगोल घालून जाळं सोडून आलेली, जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्ही टोकांना माणसांची रांग. पुरुष, बाया, दोन पोरं. पाय वाळूत रोवून, मागं झुकून, एका लयीत ओढत, आणि दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ सरकत. आई रिक्षात बसून एकटक बघत होती. तिच्या माहेरी मोटेचा नाडा असाच धरायचे म्हणाली. जाळं आलं तेव्हा त्यात तारल्या, काही बांगडे, थोडे सौंदाळे. वाळूवरच वाटे पडायला लागले. ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा.

एक बाई पाटी डोक्यावर घेऊन आमच्याकडं आली. आईच्याच वयाची. "खंयसून इलात?"

"कोल्हापूरसनं."

"अंबाबायच्या गावाकडसून! आमका अंबाबाय दिसली नाय अजून. गुडघे दुकतत, येवचा कसा?"

आईनं साडी जरा वर करून गुडघ्यावरची उभी खूण दाखवली. त्या बाईनं पाटी खाली ठेवली, वाकून खूण बघितली, बोटानं हलकेच हात लावला. मग दोघी बोलायला लागल्या. किती दिवस दुखतं, रात्री झोप येते का, मांडी घालता येते का, जिना चढता येतो का, किती खर्च येतो. अर्धं मालवणी, अर्धं कोल्हापुरी, एकमेकींचं सगळं कळत होतं. आईनं तिला 'चढताना चांगला पाय आधी' शिकवलं. तिथंच, चौरंगावर, दोघींनी करून बघितलं.

रिक्षा नसती तर ही बाई आमच्याशी बोलली नसती, असं मला ठामपणे वाटतं. रिक्षाला दार नाही. तिच्या आणि आईच्या मध्ये काहीच नव्हतं, आणि दोघींची डोकी एका उंचीवर होती.

नऊ वाजले. पाणी खरंच लांब गेलेलं. रिक्षापासून घट्ट वाळूपर्यंत पंचवीस-तीस पावलं मऊ वाळू होती, आणि तीच अडचण होती. मी आईकडं बघितलं, तिनं समुद्राकडं बघितलं. दादांनी रिक्षाच्या मागून दोन रिकामी पोती काढली. एक वाळूवर अंथरलं, त्याच्यापुढं दुसरं. "चला." आईच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती बाई. पहिल्या पोत्यावरून चार पावलं, दुसऱ्यावर चार पावलं, तोवर दादांनी मागचं पोतं उचलून पुढं घातलेलं. परत चार पावलं. पोत्याखाली वाळू दबत होती, पण पाय रुतत नव्हता, वाकडा होत नव्हता. मध्ये एकदा ती थांबली, श्वास घेतला, काठी नीट केली. रापणीतला एक मुलगा पळत जाऊन कुणाच्या तरी अंगणातून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला आणि पाण्याच्या कडेला ठेवून उभा राहिला.

घट्ट वाळू लागली तसं तिनं माझा हात सोडला. खुर्चीपर्यंतची शेवटची पावलं काठीवर एकटी चालली. बसली. चपला मी काढल्या. पहिली लाट आली ती अलीकडंच थांबली, दुसरी बोटांपर्यंत, तिसरी घोट्यांवरून गेली आणि जाताना पायाखालची वाळू घेऊन गेली. खुर्चीचे पाय थोडे खचले. मी घाबरून पाठ धरली.

"असू दे गं," आई म्हणाली. "ओढतंय ते. किती गार हाय."

वीस मिनिटं बसली. कुणाच्या चपला, पिशव्या सांभाळायच्या नव्हत्या. ओंजळ भरून पाणी घेतलं, तोंडाला लावलं, मग ते पाणी परत समुद्रातच सोडलं, अर्घ्य सोडतात तसं. त्या बाईनं तिला चार बांगडे द्यायला काढले. आम्ही खोलीवर राहतोय, करणार कुठं म्हटलं, तर मालकिणीकडं द्या म्हणाली, ती करील. पैसे घ्यायला तयार नव्हती. आईनं पिशवीतून अंबाबाईचा अंगारा काढून तिच्या हातावर ठेवला. तो तिनं कपाळाला लावला आणि पुडी पदरात बांधली.

येताना समुद्र डावीकडं होता. आई झोपली होती.

शनिवारचं, शेवटच्या दिवसाचं, भराभर सांगते. मालवण सोडलं, धामापूरचा तलाव बघितला. १५३० सालचा, अजूनही शेतीला पाणी देणारा. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता मिळाली. भगवतीच्या देवळाच्या पायऱ्या आईनं खालूनच मोजल्या आणि नको म्हणाली. तिथून नेरूरपारच्या पुलावरून कर्ली ओलांडून परुळे, म्हापण, वेंगुर्ला. हा टप्पा रिक्षासाठी लांब झाला, हे मान्य करायला हवं. खड्डे होते, ऊन चढलं, शेवटच्या तासात आईचा पाय आखडला आणि दोनदा थांबून चालवावं लागलं. परत गेले तर मालवणात राहूनच दोन दिवस फिरेन आणि वेंगुर्ल्यासाठी वेगळा मुक्काम ठेवीन. वेंगुर्ल्याला आम्ही नुसते स्टँडवर पोचलो, एवढ्या जुन्या बंदराला तो न्याय नाही. दादांनी चौरंग एसटीच्या दारात ठेवून दिला, गाडी सुटेपर्यंत थांबले, आणि वाकळ रिक्षातच राहिली म्हणून धावत आणून खिडकीतून आत दिली. सावंतवाडी, आंबोली, आजरा करत रात्री घरी आलो.

सोमवारी व्यायामाच्या ताई भेटल्या. सूज नाही, गुडघा पूर्वीपेक्षा जास्त वाकतोय म्हणाल्या, रोज थोडं चाला. आई चालते. संध्याकाळी स्वयंपाकघरापासून दारापर्यंत आणि परत, काठी घेऊन. दारामागं कॅलेंडर आहे. मंगळवारी ती फेरी मारता मारता तिथं थांबली, चष्मा वर केला, बोट ठेवून तिथी वाचली आणि ओठांत काहीतरी मोजलं.

"आज अष्टमी," ती म्हणाली. "सहाला भरती. तीबी भांगाची."